ईएमआयच्या आजच्या मालकांनो, या रेकॉर्ड्सचा सातबारा दाखवा

प्रति,
युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप आणि वॉर्नर म्युझिक ग्रुपची संचालक मंडळं, आणि आपल्याकडची सारेगामा

नमस्कार,

हे पत्र ईएमआय या जुन्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीबद्दल आहे. म्हणजे ज्या कंपनीच्या लाल लेबलवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा आणि आमच्याकडे तिला सगळे एचएमव्हीच म्हणायचे, त्या कंपनीबद्दल. ती कंपनी आता नाही. तिचे तुकडे तुमच्याकडे आहेत, कुणाकडे टेप, कुणाकडे नाव, कुणाकडे इमारत, आणि माझं मागणं एवढंच आहे की कुठली रेकॉर्ड कुणाकडून कुणाकडे गेली, ती कधी, कुठे भरली, त्यात कोण गायलं, कोणी साथ केली, हे सगळं एका ठिकाणी, कुणालाही फुकट बघता येईल असं उघडं ठेवा. आमच्याकडे गावातली दोन गुंठे जमीन विकली तरी तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबारावर जुन्या मालकाचं नाव कंस होऊन नवं चढतं, ज्याला बघायचंय तो बघतो. सव्वाशे वर्षांच्या गाण्याला तेवढी नोंद तरी मिळायला नको का?

तुम्हाला इतिहास माहीत असणारच, पण तो विकत घेणाऱ्याच्या बाजूने. मी ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगते.

१८९८ साली लंडनमध्ये एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनचा धंदा करायला विल्यम बॅरी ओवेन आणि ट्रेव्हर विल्यम्स यांनी ग्रामोफोन कंपनी काढली. शोध अमेरिकेतला, पैसा इंग्लंडचा, आणि रेकॉर्ड छापायचा कारखाना जर्मनीत हॅनोव्हरला, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच हे प्रकरण तीन देशांत विभागलेलं. ग्रामोफोन किती दिवस चालेल याची खुद्द ओवेनलाच खात्री नव्हती म्हणून १९०० मध्ये जोडीला टाइपरायटर विकायला घेतले आणि कंपनीचं नाव ग्रामोफोन अँड टाइपरायटर केलं, ते १९०७ पर्यंत चाललं. त्याच सुमारास फ्रान्सिस बॅरॉड नावाचा चित्रकार त्याच्या निपर कुत्र्याचं चित्र घेऊन आला, त्यात कुत्रा फोनोग्राफ, म्हणजे तबकडीऐवजी नळकांड्यावर चालणारं दुसरं यंत्र, ऐकत होता, ओवेन म्हणाला त्या जागी आमचं यंत्र काढ, मग घेतो. ५० पौंड चित्राचे आणि ५० पौंड हक्काचे. मूळ चित्रात रंगाखालचा फोनोग्राफ अजून तिरक्या उजेडात दिसतो म्हणे.

आणि मग १९०२. फ्रेड गाइसबर्ग हा कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा माणूस बोटीने कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने तिथल्या प्रसिद्ध गायिका गौहर जानचा आवाज भरला. त्या मेणाच्या तबकड्या बोटीने हॅनोव्हरला गेल्या, तिथे रेकॉर्ड्स छापल्या आणि परत इकडे विकायला आल्या. जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना माहीत आहे की गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. फक्त ती नाही, त्या काळातले बरेच कलाकार सांगायचे. कारण असं सांगतात की हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसाला बंगाली की हिंदी काही कळायचं नाही, लेबल कुठलं चिकटवायचं ते कळावं म्हणून नाव गाण्यातच भरलेलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. परदेशातल्या कारखान्यात आपलं नाव हरवू नये याची काळजी तेव्हा त्या बाईने आणि त्या रेकॉर्डिंग करणाऱ्याने मिळून घेतली होती, तीन मिनिटांच्या तबकडीत काही सेकंद त्यासाठी राखून ठेवले होते. २०१२-१३ मध्ये तुम्ही अब्जावधीचे करार केलेत तेव्हा ही काळजी कुणाच्या कामाच्या यादीत होती का, हे मला खरंच विचारायचंय.

त्यानंतरचं पटकन सांगते. १९०८ ला कलकत्त्यात सियालदहला कारखाना, मग १९२८ ला दमदम. रेकॉर्डला लागणारी लाख सगळ्या जगाला आपल्याच देशातून जायची, म्हणजे लंडनच्या माणसाने घरी कारुसो हा इटालियन गायक लावला तरी खाली तबकडी आपल्या जंगलातल्या लाखेची. पहिल्या महायुद्धात जर्मन शाखा शत्रूची मालमत्ता म्हणून हातची गेली, तीच पुढे स्वतंत्र डॉइचे ग्रामोफोन. म्हणजे बर्लिनरच्याच शोधावर उभ्या राहिलेल्या दोन कंपन्या युद्धाने तोडल्या, आणि आज डॉइचे ग्रामोफोन पण युनिव्हर्सलकडे आणि ईएमआय हे नाव पण युनिव्हर्सलकडे, फक्त ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा खजिना तेवढा वॉर्नरकडे. हे कुणी ठरवून केलेलं नाही, हिशोबात जसं बसलं तसं झालं.

१९२० मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोन कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. १९२९ मध्ये व्हिक्टरलाच आरसीएने घेतलं, म्हणजे हा हिस्सा आपोआप आरसीएकडे. मग मंदी आली, रेकॉर्डचा खप कोसळला, आणि मार्च १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि तिची कट्टर स्पर्धक कोलंबिया एकत्र येऊन इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज झाली. हेच ईएमआय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲबे रोडचा स्टुडिओ सुरू झाला, एल्गर या इंग्रज संगीतकाराने स्वतः ऑर्केस्ट्रा चालवला, आणि त्याच वर्षी ईएमआयच्या ॲलन ब्लूमलाइनने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आरसीएने आपला हिस्सा १९३५ ला विकून टाकला.

आता इथे मराठी वाचकांनी जरा थांबा, कारण कोलंबिया येताना एकटी आली नाही. तिने आधीच जर्मनीतली कार्ल लिंडस्ट्रोम ही कंपनी घेतली होती, आणि लिंडस्ट्रोमकडे पार्लोफोन आणि ओडियन ही दोन्ही लेबलं होती. ओडियन म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेवटच्या वर्षांतल्या त्या प्रसिद्ध रेकॉर्ड्स ज्या लेबलवर आल्या ते. आणि पार्लोफोन म्हणजे ज्या लेबलवर पुढे १९६२ मध्ये जॉर्ज मार्टिनने बीटल्सना घेतलं ते. एकाच मूळ कंपनीची दोन लेबलं. खाँसाहेबांच्या कुठल्या मॅट्रिक्स नंबरला, म्हणजे तबकडीवर कोरलेल्या रेकॉर्डिंगच्या क्रमांकाला, काय भरलं होतं, कोणत्या दिवशी, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, यासाठी आमच्याकडची माणसं अजून जुने कॅटलॉग आणि तबकडीवर कोरलेले आकडे भिंगाने बघतात, आणि बीटल्सच्या प्रत्येक टेकची तारीख जगाला पाठ आहे. बीटल्सची माहिती जपली याचा मला आनंदच आहे. तसं जपता येतं हे त्यातून सिद्ध होतं, एवढंच म्हणणं आहे.

युद्धानंतरच्या ईएमआयबद्दल मला खरोखर आदर आहे. १९५५ ला अमेरिकेतली कॅपिटल ही रेकॉर्ड कंपनी विकत घेतली, पुढे बीटल्सचा पैसा आला, आणि संशोधन विभागात गॉडफ्रे हाउन्सफिल्डने सीटी स्कॅनर तयार केला, १९७१ मध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, १९७९ ला नोबेल मिळालं. आज आपल्या तालुक्याच्या गावात सीटी स्कॅन होतो त्याचं मूळ या रेकॉर्ड कंपनीत आहे हे किती जणांना माहीत असेल. पण त्याच स्कॅनरच्या धंद्यात स्पर्धा वाढून कंपनी तोट्यात गेली आणि १९७९ मध्येच थॉर्न या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने ईएमआय घेतली. बल्ब, टीव्ही आणि शेजारी बालगंधर्व, एकाच ताळेबंदात.

थॉर्न ईएमआयच्याच काळात, १९८५ ला, भारतातली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आरपीजी म्हणजे गोएंका ग्रुपकडे गेली. आमच्या दृष्टीने खरा तुटण्याचा क्षण हा. दमदमचा कारखाना, भारतात भरलेलं जवळपास सगळं एचएमव्हीचं संगीत भारतीय मालकाकडे आलं, चांगलं झालं, पण सुरुवातीच्या कित्येक दशकांची रेकॉर्डिंगची रजिस्टरं, पत्रव्यवहार, कॅटलॉग हे लंडनजवळच्या हेजच्या मुख्य कचेरीच्या पद्धतीने तिकडेच जमा होत आलेलं होतं. गाणी इकडे, वह्या तिकडे. २००० साली कंपनीचं नाव सारेगामा झालं, २०१७ ला जुनी गाणी भरलेला कारवां आला, त्याची मराठी आवृत्ती पण आली, घराघरात आजी-आजोबा ती पेटी घेऊन बसलेले मी पाहिलेत आणि त्याबद्दल सारेगामाचे मनापासून आभार. पण त्या पेटीत गाणं लागतं तेव्हा हार्मोनियमवर कोण होतं, तबल्यावर कोण होतं, हे समजायला काही मार्ग नाही.

पूर्वी हे माणसांच्या डोक्यात असायचं. मुंबईत जी. एन. जोशी होते, स्वतः भावगीत गायक, शिक्षणाने वकील, १९३८ ला एचएमव्हीत लागले आणि पुढे कितीतरी वर्षं गवयांना समजावून, मनवून स्टुडिओत आणत राहिले. साडेतीन मिनिटांत राग बसवायला तयार नसलेल्या मोठमोठ्या गवयांना मनवायचं म्हणजे काय काम असेल विचार करा. अशी माणसं रिटायर झाली, गेली, आणि कागद दुसऱ्या देशात. मग कोणाला विचारायचं?

आता तुमच्यावर येते. १९९२ ला ईएमआयने व्हर्जिन ही रेकॉर्ड कंपनी घेतली, त्याच्या थोडं आधी क्रिसालिस ही दुसरी घेतली, १९९६ ला थॉर्नपासून वेगळी झाली, २००० मध्ये वॉर्नरशी एकत्र व्हायचं ठरलं होतं ते युरोपियन कमिशनच्या विरोधामुळे फिसकटलं. मग २००७. गाय हँड्सच्या टेरा फर्मा या खासगी गुंतवणूक फंडाने कर्जासकट ४.२ अब्ज पौंडांना ईएमआय घेतली, त्यातला मोठा वाटा सिटीग्रुपचं कर्ज. जानेवारी २००८ मध्ये दीड ते दोन हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं. रोलिंग स्टोन्स सोडून गेले, पॉल मॅकार्टनी त्याआधीच गेलेले, रेडिओहेड गेले, पिंक फ्लॉइडने त्यांच्या अल्बममधली गाणी सुटी विकायला विरोध करून २०१० मध्ये कोर्टात केस जिंकली. म्हणजे कलाकार ओरडून सांगत होते की नव्या मालकाला हे कशाचं आहे ते कळत नाहीये. त्याच वर्षी ॲबे रोड विकणार अशी बातमी आली तेव्हा इतका गहजब झाला की सरकारने ती इमारत वारसा यादीत घातली. इमारतीला वाली मिळाला, वह्यांसाठी कोणी रस्त्यावर आलं नाही कारण त्या कुणाला दिसतच नाहीत.

फेब्रुवारी २०११ मध्ये कर्ज फिटेना म्हणून सिटीग्रुपने कंपनी ताब्यात घेतली. गौहर जानपासून बीटल्सपर्यंतचा वारसा एका बँकेकडे, थकलेल्या कर्जापोटी. बँकेने ती दोन भागांत विकायला काढली, रेकॉर्डचा धंदा युनिव्हर्सलला १.२ अब्ज पौंडांना आणि गीत-संगीताच्या हक्कांचा धंदा सोनीच्या गटाला २.२ अब्ज डॉलरला. सप्टेंबर २०१२ ला युरोपियन कमिशनने युनिव्हर्सलला परवानगी दिली ती या अटीवर की बराच भाग पुन्हा विकायचा, नाहीतर एकाच कंपनीच्या हातात फार बाजार जातो. अट योग्यच होती, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणून २०१३ ला पार्लोफोन लेबल ग्रुप वॉर्नरला ४८.७ कोटी पौंडांना गेला. पण बीटल्स युनिव्हर्सलने ठेवून घेतले. म्हणजे ज्या पार्लोफोनला बीटल्सनी मोठं केलं ते पार्लोफोन आता बीटल्सशिवाय वॉर्नरकडे.

त्यामुळे आजची परिस्थिती बघा. समजा १९६० च्या दशकात ईएमआयने ॲबे रोडला एखादी शास्त्रीय रेकॉर्ड भरली. ती इमारत युनिव्हर्सलची. टेपचे हक्क वॉर्नरचे, कारण ईएमआय क्लासिक्स त्यांच्याकडे जाऊन नावच पुसलं गेलं आणि ऑपेरा गायिका मारिया कॅलासपासून सगळ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्सवर वॉर्नर क्लासिक्स आलं. व्हायोलिनवादक मेनुहिनबरोबर रविशंकरांनी सतार वाजवली ती रेकॉर्डसुद्धा त्यातच. ईएमआय हे नाव मात्र युनिव्हर्सलचं, २०२० ला त्यांनी ते लेबल म्हणून परत चालू केलं. एचएमव्ही नावाची दुकानं २०१३ आणि २०१८ अशी दोनदा बुडून एका कॅनडाच्या दुकानदाराकडे गेली. कुत्र्याच्या चित्राचा हक्क अमेरिकेत वेगळ्याचा, जपानमध्ये वेगळ्याचा. पिंक फ्लॉइड ईएमआयकडून वॉर्नरकडे आणि २०२४ ला सोनीने त्यांच्या रेकॉर्डिंगचे हक्क घेतले. आणि हेजचा तो प्रचंड कारखाना, जिथून जगभर रेकॉर्ड गेल्या, तिथे आता फ्लॅट आणि ऑफिसं.

आमच्या ओळखीतलं एक घर आहे, त्यांच्या आजोबांनी १९४० च्या दशकात बऱ्याच नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्डवर ऑर्गनची साथ केली होती. घरात सगळ्यांना माहीत, कुठे लिहिलेलं नाही. नातीने एका कंपनीला मेल केली, तिथून उत्तर आलं की ही माहिती आमच्याकडे नाही, मूळ कंपनीकडे विचारा. मूळ कंपनी कोणती? तिने दुसरीकडे लिहिलं, तिथून उत्तरच नाही. तिला रॉयल्टी नको होती हो, तिला फक्त आजोबांचं नाव त्या गाण्याखाली हवं होतं. आणि स्ट्रीमिंग ॲपवर बघितलं तर त्याच गाण्यांवर वर्ष दिसतं ते सीडी निघाली ते, काही ठिकाणी गायिकेचं नाव चुकलेलं, कवी नाही, संगीतकार नाही. नवीन मुलं तेच खरं समजून पुढे लिहितात, आणि एकदा चुकीचं पसरलं की ते निस्तरणं फार अवघड आहे.

पैशाची भीती असेल तर ती पण बघून टाकू. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये ५० चे ७० केले, पण ज्यांची मुदत तोवर संपली होती ती परत जिवंत झाली नाही, म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्ड्स तिथे मोकळ्याच. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा जवळपास सगळा काळ त्यात येतो. त्यांच्या वह्या दाखवल्याने तुमचा एक पौंड कमी होत नाही, उलट माहिती नीट झाली तर लोक शोधून शोधून ऐकतील.

आणि कोणी करत नाही असंही नाही. ईएमआयनेच १९९६ मध्ये अर्काइव्ह ट्रस्ट स्थापन केला, जुन्या वह्या, तबकड्या, यंत्रं जपण्यासाठी, आणि इतक्या विक्रीच्या धामधुमीत तो टिकला ही मोठी गोष्ट आहे. ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्ड्सची यादी ॲलन केली या एका ब्रिटिश माणसाने वर्षानुवर्षं बसून बनवली, कंपनीचा पगार न घेता. आपल्याकडे मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी हेच करत आहेत, लोकांच्या माळ्यावरच्या, जुन्या बाजारातल्या तबकड्या गोळा करून, ऐकून, नोंदवून. ही माणसं आता वयस्कर झाली आहेत. ज्या कंपन्यांकडे मूळ वही आहे त्यांनी गप्प बसायचं आणि ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी तबकडीवरून वही पुन्हा तयार करायची, हे किती दिवस चालणार?

म्हणून मागणं स्पष्ट सांगते. युनिव्हर्सल आणि वॉर्नर, तुम्ही दोघांनी मिळून ट्रस्टला पैसे द्या आणि भारतीय उपखंडाची रेकॉर्डिंग रजिस्टरं पानन् पान स्कॅन करून उघडी करा. सारेगामा, तुमच्याकडे दमदमला आणि मुंबईला जे कागद आहेत ते त्याला जोडा, आणि नोंद देवनागरी, बंगाली, उर्दू, तमिळमध्ये शोधता येईल अशी करा, कारण १९०५ च्या इंग्रज कारकुनाने मराठी नावाचं जे स्पेलिंग केलं असेल ते आज टाइप करून कुणाला सापडणार नाही. ते वाचायला माणसं लागतील तर आम्ही बसतो, गंमत म्हणून नाही, रोज संध्याकाळी बसू, माझ्या ओळखीतलेच कितीतरी जण तयार आहेत. आणि तिसरं, यापुढे कुठलाही कॅटलॉग विकाल तेव्हा करारात एक कलम घाला की कागद गाण्याबरोबर जातील आणि त्याची एक प्रत सार्वजनिक राहील. कारण तुम्ही पण कायमचे मालक नाही. व्हिक्टर नव्हतं, थॉर्न नव्हतं, टेरा फर्मा तर चार वर्षंपण नव्हतं.

सगळं एकदम होणार नाही हे कळतं. १९०२ च्या कलकत्त्याच्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करा, मग मुंबई-पुण्यातल्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स घ्या. पहिली शंभर पानं टाकलीत तरी आम्ही लगेच कामाला लागू.

कळावे,
मराठी नाट्यसंगीत आणि जुन्या रेकॉर्ड्स ऐकणारी एक श्रोती